एका घासणीपुरतं लाकूड

थोरले काका बूट न काढता दिवाणखान्यात शिरले, तेव्हाच आज घरात काय वाजणार आहे ते सगळ्यांना कळून चुकलं.

या जमिनीवर आजवर कोणी बूट घालून चाललं नव्हतं. गिऱ्हाईक असो की पाहुणा, कितीही मोठा असला तरी तो उंबऱ्याबाहेर वाकायचा आणि बुटाची नाडी सोडायचा. आणि काका तर या घरचे थोरले चिरंजीव! ते मुद्दाम खोलीच्या मधोमध गेले, एका फळीच्या उचललेल्या कडेवर टाच टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, "बघा. अडखळतोय मी. ही जमीन राहिली नाही, मिस्त्री. कौलं झालीत, कौलं."

"कौलं पालथी असतात, दादा," आत्या खुर्चीतून म्हणाली. "या वाट्या झाल्यात. सरळ ठेवलेल्या वाट्या."

"वाटी म्हण, ताट म्हण. चालता येत नाही ना?"

मिस्त्री म्हणजे घरच्या सुनेचे सासरे. सख्खा धाकटा भाऊ असूनही काका त्यांना मिस्त्रीच म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते त्यांचं त्यांना ठाऊक. सासरे भिंतीला पाठ लावून उभे होते, हात मागे बांधलेले. उभ्या आयुष्यात लोकांच्या घरच्या जमिनी सरळ केलेला माणूस स्वतःच्या दिवाणखान्याकडे बघायचं टाळत होता.

सून स्वयंपाकघराच्या दारात बाळाला कडेवर घेऊन उभी होती. बाळ खाली उतरायला धडपडत होतं. गुडघ्यांवर रांगायला शिकल्यापासून त्याला कडेवर बसणं म्हणजे कैद वाटायची, आणि फळ्यांच्या कडा वर आल्यापासून तिने त्याला इथे खाली सोडलंच नव्हतं. त्याच्या तळहातात एकदा कुसळ गेलं होतं. ते काढताना बाळ जेवढं रडलं नाही, तेवढी ती रडली. त्या दिवसापासून काकांनी तिचं नाव 'पहारेकरीण' ठेवलं होतं.

या जमिनीला घरात 'शिलकीची जमीन' म्हणत. अण्णांनी, म्हणजे या तिघा भावंडांच्या वडिलांनी, ती एकदम बसवली नव्हती. प्रत्येक मोठं काम संपलं की उरलेल्या फळ्यांतली चांगली फळी ते घरी आणायचे आणि इथे बसवायचे. त्यामुळे शाळेच्या सभागृहाची तांबूस फळी वाचनालयाच्या काळसर फळीशेजारी, तिच्याशेजारी बँकेच्या जुन्या इमारतीची पिवळी, आणि खिडकीखाली एका नाचघराची. शेजारीशेजारी वेगवेगळ्या झाडांची लाकडं बसवली तर ती नांदत नाहीत, असं धंद्यातले सगळे सांगायचे. अण्णांनी नांदवली. म्हणून या घराण्यात गिऱ्हाइकाला पिशवीतले नमुने दाखवायची पद्धत नव्हती. "आधी आमच्या घरी या. अनवाणी चाला. मग बोलू," एवढंच सांगायचं.

येत्या रविवारी नाट्यगृहाच्या बाई येणार होत्या. नव्या रंगमंचाचं काम द्यायचं की नाही, ते त्या इथे चालून ठरवणार होत्या.

"रविवारी त्या बाईंना काय दाखवणार?" काका म्हणाले. "हे? त्यापेक्षा माझं ऐका. उखडा सगळं. माझ्या दुकानातून माणसं येतील, संध्याकाळपर्यंत चकाचक करून देतील. एकमेकांत अडकवायच्या फळ्या. पाणी ओता, काही होत नाही."

"लाकडाचा फोटो छापलाय त्यांच्यावर," सासरे पहिल्यांदा बोलले. "फोटोवर मी पाय ठेवणार नाही."

"मग या वाट्यांत जेवायला वाढ!"

"दादा," आत्या म्हणाली, "उखडायचं नाव काढू नकोस. अण्णांचा हात आहे त्यात. पण तुझं एक बरोबर आहे, हे बाहेरच्याला दाखवण्यासारखं नाही. आपण असं करू, गालिचा अंथरू."

"गालिचा!" सासऱ्यांच्या तोंडून तो शब्द असा बाहेर आला, जणू बहिणीने प्रेतावर चादर घालायला सांगितलं होतं.

सासूबाई चहाचे पेले घेऊन आल्या आणि कोणाच्याही तोंडाकडे न बघता एकेकाच्या हातात देत गेल्या. भांडण पेटलं की त्या हमखास चहा करायच्या. हातात गरम पेला असला की माणूस हातवारे कमी करतो, असा त्यांचा अनुभव.

"पण झालं कशाने हे?" आत्याने विचारलं. "इतकी वर्षं नाही झालं ते."

सगळ्यांच्या नजरा क्षणभर तिच्याकडे वळल्या आणि सभ्यपणे परत गेल्या.

बाळ रांगायला लागल्यावर तिने जमीन ओल्या फडक्याने पुसायला सुरुवात केली होती. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि बाळाने काही तोंडात घातलं की मधे आणखी. सासऱ्यांनी एकदा हळूच म्हटलं होतं, "फडकं पिळून घेत जा, सूनबाई." तेव्हापासून ती पिळून घ्यायची. पुढे तर तिने ओलं फडकं लावणंच सोडलं. तरी कडा वर येतच राहिल्या. पण हे कोणाला सांगणार? गुन्हेगाराने 'मी नंतर सुधारलो' म्हटलं तर गुन्हा पुसतो थोडाच!

"आजकालच्या मुलींना जंतू फार दिसतात," काका म्हणाले. "आम्ही याच जमिनीवर माती खाऊन वाढलो. पहारेकरीणबाईंनी मात्र जमिनीला रोज अंघोळ घातली."

"काका, तिला बोलू नका," तिचा नवरा दारातून म्हणाला. त्याच्या हातात घासायच्या मशीनचा दांडा होता. ते अवजड धूड त्याने गाडीतून उतरवून उंबऱ्यापर्यंत ओढत आणलं होतं.

ते बघून आत्याचा पेला अर्ध्यावर थांबला. "हे कशाला?"

"मी सांगितलं आणायला," सासरे म्हणाले. "घासतो. आजच घासतो. कडा काढल्या की सपाट होईल. दोन हात पॉलिश मारू. रविवारी बाई येतील, चालतील, जातील."

काकांनीसुद्धा पेला खाली ठेवला. कारण या जमिनीत किती लाकूड उरलंय, ते त्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लाकडी जमीन घासली की वरचा पापुद्रा जातो आणि खालचं ताजं लाकूड वर येतं. पण फळी काही वाढत नाही. अण्णांनी ही जमीन हौसेने घासली होती, सासऱ्यांनी जपून घासली होती. आता फळ्यांच्या पोटातले, खाचेत अडकवलेले सांधे वरून हाताला लागतील इतके जवळ आले होते. एका घासणीपुरतं लाकूड उरलं होतं, फार तर. ती घासणी सासऱ्यांनी राखून ठेवली होती. तिच्या लग्नात सगळ्यांसमोर ते मुलाला म्हणाले होते, "घर, दुकान, हत्यारं, सगळ्यांत वाटेकरी निघतील. पण या जमिनीची शेवटची घासणी तुझी. तुझ्या हाताला माझ्याइतकी समज येईल, त्या दिवशी कर."

"बाबा, तुम्ही म्हणाला होतात..." नवरा चाचरला.

"म्हणालो होतो. आता दुसरं म्हणतोय. वायर लाव."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो वायर सोडवत होता, पण सावकाश, एखाद्या मुलाने शाळेत जाताना मोजे चढवावेत तसा. वडिलांपुढे त्याचा शब्द कधी चालला नव्हता, आणि आज वडिलांचा चेहराच असा होता की शब्द काढणंही निर्दयपणाचं वाटावं.

गेले काही दिवस तिच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. बोलावी की नाही, या विचाराने तिची झोप उडाली होती. बोलली तर वाटणार, स्वतःच्या अंगावरचं झटकतेय. नाही बोलली तर मशीन चालणार.

"बाबा, थोडं थांबाल?" ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "ते कपाट बघा ना."

"कपाटाचं काय?"

"त्याचं दार लागत नाही. आधी लागायचं. आता लावलं की आपोआप उघडतं."

काका हसले. "घ्या! इथे घर बुडतंय आणि हिला कपाटाचं दार दिसतंय."

"दिसतंय, काका. पहारेकरीण ना मी?" ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. पण आता शब्द सुटला होता. ती बाळाला घेऊन सरळ बाहेरच्या भिंतीशी गेली, जिथे ते जुनं दणकट कपाट होतं. "याच्याखाली फडकं जातच नाही. हात जात नाही, झाडू जात नाही. मी इथे पाण्याचा थेंब सांडलेला नाही. मग इथल्या फळ्या सगळ्यांत जास्त का वाकल्यात? कपाट तिरकं झालंय ते त्यामुळे. आणि मी पुसायचे ती खोलीची मधली जागा, बाळ खेळायचं ती, तिथे कडा सगळ्यांत कमी आल्यात."

आत्या खुर्चीतून उठली. वयाच्या मानाने ती अजून चटकन वाकायची. कपाटाखाली हात घालून तिने फळ्यांच्या कडा चाचपल्या. "खरंय," ती म्हणाली. "मिस्त्री, ये बघ. बोट अडकतंय इथे."

"पाणी उतरतं फटींतून," सासरे जागचे हलले नाहीत. "एकीकडे सांडतं, दुसरीकडे जातं."

तिने बाळाला सासूबाईंकडे दिलं आणि आत जाऊन बाळाची दोन जाड पुठ्ठ्यांची पुस्तकं आणली. एक हत्तीचं, एक बदकाचं. ती सासऱ्यांच्या समोर जमिनीवर बसली, मशीनच्या अगदी वाटेत, आणि दोन्ही पुस्तकं उघडून ठेवली.

"हे हत्तीचं पान. आज सकाळी बाळाने यावर लाळ गाळली. वरून भिजलं. बघा, हत्तीचं पोट फुगून वर आलं, कडा खाली गेल्या. आणि हे बदक न्हाणीघरात ओल्या फरशीवर पडून होतं. खालून भिजलं. याच्या कडा वर उचलल्या, मधे खोलगट. ज्या बाजूने भिजतं ती बाजू पसरते." तिने श्वास घेतला. "आपली जमीन बदकासारखी झालीय, बाबा. हत्तीसारखी नाही."

काकांनी खो खो हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. शेवटी तेही याच घरात, रंध्याच्या आवाजात वाढले होते.

सासऱ्यांचे कान लाल झाले. "वाटी म्हणजे खालची ओल. हे तू मला शिकवतेस, पोरी?"

"नाही बाबा. तुम्हीच शिकवलंत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तुम्ही कोणा वकिलाच्या घरून आलात आणि जेवताना म्हणालात, वाटी झाली तर खाली वाक, उपडी वाटी झाली तर वर बघ. मी त्यावर हसले होते. म्हणून लक्षात राहिलं." मग ती थांबली, आणि जे बोलायचं नव्हतं तेच बोलली. "ही दुसऱ्या कोणाची जमीन असती, तर मशीन आणण्याआधी तुम्ही काय केलं असतं?"

उत्तर आलं ते उंबऱ्यातून.

"फळी उचलली असती," नवरा म्हणाला. त्याने वायरचं टोक खाली ठेवलं होतं. "आणि ओल असताना मशीनला हात लावला नसता. बाबा, आत्ता या कडा आपण घासून काढू. पण ओल गेली, फळ्या पुन्हा सरळ बसल्या, की घासलेल्या कडा आणखी खाली जातील. मधला भाग वर राहील. प्रत्येक फळी उपडी वाटी होईल. आणि मग ती नीट करायला लाकूड कुठून आणायचं?"

"खाली ओल नाही," सासरे म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला नाही, उलट खचला. "अण्णांच्या जमिनीखाली ओल येऊच शकत नाही. हातभर पोकळी ठेवलीय त्यांनी खाली. माती वेगळी, लाकूड वेगळं, मधे वारा. त्यांचं काम चुकलं असं म्हणायचं का मी? या घरात उभं राहून?"

तेव्हा कुठे तिला कळलं. हा माणूस दिवसेंदिवस तिच्या फडक्याला धरून का बसला होता, ते. सुनेची चूक असली तर ती चूक आजची होती, पुसता येण्यासारखी. खालची ओल असली तर चूक अण्णांची ठरत होती. बापाच्या नावाला डाग लागण्यापेक्षा जमिनीची शेवटची घासणी गेलेली त्यांना परवडत होती. तिला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. बाळाच्या बाबतीत तीही अशीच वागली असती.

"अण्णांचं चुकलं असं कोण म्हणतंय?" आत्या अजून कपाटाशीच वाकून होती. एकाएकी ती म्हणाली, "दादा, हिची शिट्टी आठवते तुला?"

"कोणाची?"

"जमिनीची! वारा सुटला की या भिंतीच्या कडेने शिट्टी वाजायची. अण्णा फळ्या भिंतीला टेकवायचे नाहीत, बोटभर जागा सोडायचे, लाकडाला अंग पसरायला. त्या फटीतून वारा वर यायचा. आपण अंथरुणात घाबरायचो आणि अण्णा म्हणायचे, झोपा रे, जमीन श्वास घेतेय."

"आठवते," काका पुटपुटले. "मी तुला सांगायचो खाली भूत आहे."

"मला अजून खरं वाटतं ते. पण आज इतका वेळ बसलेय मी इथे. बाहेर झाडं हलतायत. शिट्टी कुठंय?"

सून जमिनीवर बसली होती ती ताडकन उठली. शिट्टी तिनेही ऐकली होती. लग्न होऊन आली तेव्हा. आणि तो वारा! बाळ झालं ते थंडीत. तेव्हा तिची खाट याच खोलीत होती, आणि ती रोज कुरकुरायची, पायाशी गार वारा येतोय, बाळाला लागेल, कुठून येतोय बघा ना. मग एक दिवस वारा थांबला. ती तक्रार करायची थांबली. वारा कशाने थांबला, हे मात्र घरातल्या प्रत्येक सांदीकोपऱ्यावर नजर ठेवणाऱ्या तिने विचारलंच नव्हतं.

ती मागच्या दाराने बाहेर पडली. भिंतीच्या पायाशी फुलांच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या, नीटनेटक्या, एकीला एक लागून. तिने पहिली कुंडी बाजूला सरकवली. मागे भिंतीत लोखंडी जाळी होती आणि जाळीत आतून-बाहेरून जाड लोकरी कापड गच्च कोंबलेलं. तिने ते ओढलं. कापड चिंब नव्हतं, पण जड होतं, आणि त्याला कोंदट वास येत होता. तपकिरी, चौकडीचं. या चौकडीच्या कोटातला माणूस दिवाणखान्याच्या भिंतीवर तसबिरीत बसला होता.

ती तो तुकडा हातात घेऊन उभीच राहिली. कोणी केलं असेल हे सांगायला नकोच होतं. कुंड्या कोण लावतं, जुने कपडे कोण जपून ठेवतं? तुकडा आत नेला की सुनेवरचं बालंट सासूवर जाणार. तो पुन्हा जाळीत कोंबून आत जावं असंही एकदा मनात येऊन गेलं. पण जाळी बंद राहिली तर जमीन मरणार.

ती आत आली. "जाळ्या बंद आहेत, बाबा. वारा कोंडलाय. म्हणून मातीची ओल वर चढतेय. अण्णांचं काही चुकलेलं नाही."

सासऱ्यांनी तुकडा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला.

"हा अण्णांचा कोट," काका म्हणाले. त्यांचा सगळा तोरा उतरला होता. "कोणी केलं हे? कोणी फाडला?"

"माझ्यामुळे झालं," ती घाईने म्हणाली. "मला गार वारा लागत होता, मीच सारखी..."

"तू गप्प बस गं," सासूबाई म्हणाल्या. बाळ त्यांच्या खांद्यावर त्यांचा अंबाडा ओढत होतं. त्यांनी तो ओढू दिला. "मी फाडला. मी कोंबला. बाळंतीण थंडीने कुडकुडत होती, आणि या घरातले सगळे कारागीर लोकांच्या जमिनी सरळ करायला गेले होते. घरात सगळ्यांत जाड कापड तेच होतं. पंतवंडाला वारा लागू नये म्हणून अण्णांनी स्वतःच काढून दिला असता कोट. नसता दिला?"

त्यांनी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"थंडी संपल्यावर काढायचा विसरले, एवढं माझं चुकलं. जाळ्या कशासाठी असतात ते मला या घरात कोणी सांगितलं नाही. कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं, ते मी घातलं. आणि पुन्हा बाळंतीण कुडकुडली तर पुन्हा कोंबीन. फक्त या वेळी आधी विचारीन."

आत्या पहिल्यांदा हसली. मग नवरा. मग सासरे खाली बसले, चक्क त्या वाकड्या फळ्यांवर मांडी घालून, कोटाचा तुकडा मांडीवर ठेवून, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "काम चुकलं नव्हतं," ते दोनदा म्हणाले. "अण्णांचं काम चुकलं नव्हतं, दादा."

"कोण म्हणत होतं चुकलं?" काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. ते उंबऱ्यापर्यंत गेले आणि वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागले. बराच वेळ सोडत होते. "आणा सगळे तुकडे. कोट मी नेतो, शिंप्याकडून काहीतरी करून घेईन. तुम्हाला काय, तुम्ही फडकं कराल त्याचं. पहारेकरीण जमीन पुसेल!"

"कोरड्याने पुसेन, काका," ती म्हणाली.

त्या दुपारी सगळ्या जाळ्या मोकळ्या झाल्या. सासऱ्यांनी आणि नवऱ्याने भिंतीकडची नाचघराची फळी अलगद उचलली, खालच्या अंधारात हात घातला, आणि आपल्या तळहातावर आलेला दमटपणा एकमेकांना न बोलता दाखवला. मशीन परत गाडीत गेलं.

रविवारी नाट्यगृहाच्या बाई आल्या तेव्हा जमीन वाकडीच होती. आत्याने गालिच्याचं पुन्हा सुचवून बघितलं. सासरे म्हणाले, "नाही. अनवाणीच चालू द्या."

बाई चालल्या, थबकल्या, आणि त्यांनी भुवया उंचावल्या. सासऱ्यांनी त्यांना उचललेली फळी दाखवली, जाळी दाखवली, काय झालं ते सांगितलं, काहीही न झाकता.

"घासून टाकता आलं असतं की," बाई म्हणाल्या. "मला कळलंही नसतं."

"तुम्हाला नसतं कळलं. पुढच्या वर्षी तुमच्या रंगमंचावर नाचणाऱ्यांच्या पायांना कळलं असतं. आजारी जमीन आम्ही रंगवत नाही. आधी बरी करतो." आणि मग, तिने अपेक्षाही केली नव्हती अशा आवाजात ते म्हणाले, "आमच्या सूनबाईंनी ओळखलं हे. घरात आम्ही बापलेक कारागीर आहोत, दिसलं तिला."

ती स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने बाळाचं नाक पुसायचं निमित्त करून चेहरा लपवला. लग्नाच्या दिवशी सगळ्या घराने मिरवलं होतं तिला, पण तेव्हा मिरवणं साडीचं होतं.

फळ्यांना आपल्या जागी यायला वेळ लागला. घाई कोणी केली नाही. हवा कोरडी झाली, वारा फिरला, आणि एके सकाळी भिंतीच्या कडेने बारीक शिट्टी वाजली. बाळाने दचकून कान टवकारले. त्यानंतर एक दिवस कपाटाचं दार आपसूक लागलं आणि लागलेलंच राहिलं. नाट्यगृहाचं काम तोवर सुरू झालं होतं. नवरा रोज अंगावर लाकडाचा भुसा घेऊन घरी यायचा, आणि मानेवरचा भुसा झटकताना त्याची मान आता थोडी ताठ वाटायची.

मग एका दुपारी सासऱ्यांनी सगळ्यांना बोलावलं. आत्या आली. काका आले, त्यांनी पायरीवरच बूट काढले. त्यांच्या गळ्यात तपकिरी चौकडीचा मफलर होता.

जमीन पूर्ण झाली की या घराण्यात एक फेरी घालायची रीत होती. डोळे मिटून, अनवाणी, भिंतीपासून भिंतीपर्यंत. डोळ्यांना लाकूड फसवतं, तळपायाला नाही, असं अण्णा म्हणायचे. ज्याच्या माथ्यावर जमिनीची जबाबदारी, त्याने ती फेरी घालायची. आधी अण्णांनी घातली होती, मग सासऱ्यांनी. आत्याने लहानपणी हट्ट केला होता, तेव्हा तिला हसून बाजूला बसवलं होतं.

"चप्पल काढ, सूनबाई," सासरे म्हणाले.

"मी? बाबा, मला काय कळतंय त्यातलं?"

"काढ म्हणतात ना," आत्या म्हणाली. "माझ्या वाटणीची पण घाल."

तिने चपला काढल्या. बाळ सासूबाईंच्या कुशीतून निसटून जमिनीवर उतरलं होतं. "त्याला धरा कोणीतरी," ती म्हणाली.

"तू डोळे मीट," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही एवढी माणसं आहोत इथे."

तिने डोळे मिटले. बाळ झाल्यापासून जागेपणी तिने ते कधी मिटले नव्हते. काळोखात तिने एक पाऊल टाकलं, मग दुसरं. शाळेची फळी गुळगुळीत, वाचनालयाची थोडी थंड. बँकेची. सांधे पायाखाली येत होते आणि नुसते रेघेसारखे जात होते. खिडकीपाशी, नाचघराच्या फळीवर, तिचा अंगठा थांबला. तिने टाच फिरवून पुन्हा पाहिलं.

"इथे कड अजून वर आहे," ती म्हणाली. "किंचित. केसाएवढं. पण आहे."

सासरे आले, वाकले, तिच्या पायाशेजारी तळहात टेकवला.

"आहे," ते म्हणाले. मग मोठ्याने, साऱ्या घराला ऐकू जाईल असं: "घासणी राखून ठेवा. हिच्या पायाला पसंत पडेपर्यंत मशीन या घरात येणार नाही."

"झालं!" काका म्हणाले. "आता ही जमिनीवर पण पहारा करणार."

सगळे हसले. हसण्याच्या मधून तिला मागून आवाज आला: दोन गुडघे, दोन तळहात, लाकडावर ठुप ठुप, तिच्याकडे येत होते. खिडकी उघडी होती, की बंद होती? कपाटाचा कोपरा त्या बाजूला होता. ती वळली नाही. डोळे तसेच मिटून तिने उरलेली फेरी पुरी केली, भिंतीपर्यंत.